एका नावाची तीन कोटेशनं

डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, विकायला जगभर ऑनलाइन बाजार आहेत. तिथे नाव मांडायचं, किंमत लिहायची आणि कुणीतरी येईल म्हणून वाट बघायची. माझीही बरीच नावं तिथे पडून आहेत. काही तर इतकी वर्षं, की किंमत काय लावली होती ते मला बघूनच सांगावं लागेल. पण या धंद्यात माझ्या हाताला जो काही पैसा लागला तो चालून लागला. पुण्यातला अप्पा बळवंत चौक, तापकीर गल्ली, तांबड्या जोगेश्वरीचा परिसर, लक्ष्मी रोडची अलीकडची बाजू. बुधवार पेठेत आणि तिच्या कडेकडेने व्यापारी, ट्रस्ट, क्लासवाले आणि गणपती मंडळं अशी दाटीवाटीने बसली आहेत, की चपला झिजवायची तयारी असेल तर गिऱ्हाईक शोधायला दुसऱ्या गावी जायला नको.

मी मूळची डीटीपीवाली. चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि श्री-लिपी. व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, लेटरहेडं, क्लासची हँडबिलं, संस्थांचे वार्षिक अहवाल. हे काम करताना दुसऱ्याच्या धंद्याची आतली बाजू दिसत राहते. कोणी भागीदार काढला, कोणाच्या मुलाचं नाव आता प्रोप्रायटर म्हणून टाकायचं, कोणी गोडाऊन नऱ्हे-आंबेगावला हलवलं, हे घरच्यांच्या आधी आमच्या स्क्रीनवर येतं. आणि कार्डाच्या सगळ्यात खालच्या ओळीत येतो ईमेल. वर सोनेरी अक्षरात ‘स्थापना 1952’ आणि खाली मालकाच्या मुलाचं कॉलेजातलं टोपणनाव, त्याला चिकटून त्याचं जन्मसाल, मग ॲट जीमेल. असली कार्डं मी शेकड्यांनी लावली आहेत. प्रूफ तपासताना मालक बाकीच्या ओळी भिंग लावून वाचायचे आणि त्या ओळीवरून नजर सरकवायचे. लाज वाटायची त्यांना, फक्त उपाय ठाऊक नव्हता.

2005 मध्ये भारताचं डॉट इन सगळ्यांना खुलं झालं. त्याआधी 1992 पासून बारा वर्षांत सगळ्या देशाला मिळून सात हजारांच्या आसपास नावं दिली गेली होती, इतके नियम अडचणीचे होते. जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना आणि 16 फेब्रुवारीपासून कोणालाही, अशी दारं उघडली. आज डॉट इनची संख्या तीस लाखांच्या वर गेली आहे. तेव्हा मात्र साधे साधे शब्द मोकळे पडलेले होते. मी घेतले ते वस्तूंचे, कामांचे आणि जागांचे. पुस्तकं, वह्या, शिकवण्या, केटरिंग, मंगल कार्यालय, इन्व्हर्टर, झुंबरं. ज्या गोष्टींची बिलबुकं मी रोज लावत होते त्याच. बाकी काही दूरदृष्टी वगैरे नव्हती.

मराठी शब्द घेताना एक कटकट कायमची. रोमन अक्षरांत मराठी कसं लिहायचं याचा कायदा नाही. लक्ष्मीला एक्स लावणारे निम्मे, के-एस-एच लावणारे निम्मे. वाड्याला कोणी व्ही लावतं, कोणी डब्ल्यू. कार्यालयाच्या शेवटी ए हवा की नको यावर तर बापलेकांचं एकमत होत नाही. म्हणून माझी एक साधी परीक्षा असते. नाव एखाद्या मुलाला फोनवरून सांगायचं आणि त्याला लिहून पाठवायला सांगायचं. त्याने न विचारता बरोबर लिहिलं तर नाव घ्यायचं. “मावशी, एकच ए का दोन?” असं विचारलं की सोडून द्यायचं. मग ते कितीही सुंदर असो.

दुसरी गोष्ट, कोणाचं नाव घ्यायचं नाही. साधा शब्द वेगळा आणि कोणी पंचवीस वर्षं राबून नावारूपाला आणलेलं नाव वेगळं. ते आधी अडवून ठेवायचं आणि मग त्यांच्याच दारात जाऊन विकायचं, हा धंदा नव्हे. कायद्यालाही तो चालत नाही. 1999 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या ‘रॅडिफ’ला रोखलं होतं. पुढे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं की डोमेन हा नुसता पत्ता नसतो, ती व्यापाऱ्याची ओळख असते आणि ट्रेडमार्कसारखं तिलाही संरक्षण मिळतं. डॉट इनसाठी तर स्वतंत्र लवाद आहे. नाव तक्रारदाराच्या चिन्हासारखं आहे, ज्याने घेतलं त्याचा त्यावर काही हक्क नाही, आणि घेण्यामागे हेतू वाईट होता, एवढं सिद्ध झालं की नाव हातचं जातं. हे सगळं मी गिऱ्हाइकाला आपणहून सांगते. कारण दारात उभी राहिले की त्याच्या मनात पहिला संशय तोच असतो.

2024 च्या ऑक्टोबरात तर हा संशय टिपेला पोचला होता. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हे ताडून दिल्लीच्या एका तरुणाने ते जोडनाव आधीच घेऊन ठेवलं होतं, आणि त्या बदल्यात त्याने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं, हेही छापून आलं. तेव्हा ज्या दुकानात जाईन तिथे, “काय मॅडम, तुमचा जिओवाला लागला का?” मी म्हणायचे, तो माझा कोणी नाही. त्याच सुमारास आणखी एक बातमी फिरत होती. चॅट डॉट कॉम हे नाव धर्मेश शहा या उद्योजकाने दीड कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलं होतं आणि ते आता ओपनएआयकडे गेलं. असल्या बातम्या आल्या की माझा आठवडा वाया जातो. विकत घेणारा एकही येत नाही. विकायला येणारे मात्र रांग लावतात. “आमच्याकडे आजोबांच्या नावाचं एक पडलंय, किती येतील?” काही येणार नाहीत. आजोबांच्या नावाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे तुम्ही.

आता मुद्द्याचं. नाव चांगलं आहे म्हणून कोणी ते विकत घेत नाही. ज्याचं रोज कुठेतरी अडतं तो घेतो. वेबसाइटवर बसून ही अडचण दिसत नाही. ती दुकानात, दोन हात अंतरावर उभं राहिलं की दिसते.

तापकीर गल्लीत विजेच्या सामानाचे एक ठोक व्यापारी आहेत. शेठ म्हणू. त्यांची बिलबुकं माझ्याकडेच होती, तीच पोचवायला गेले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस. दारात माळांचे खोके छातीपर्यंत रचलेले, गल्लीत हातगाडी अडकलेली. शेठ फोनवर कोल्हापूरच्या पार्टीला ईमेल सांगत होते. “आधी आमचं नाव. मग डॅश. डॅश हो, आडवी रेघ. खालची नाही, मधली. मग इलेक्ट्रिकल्स. शेवटी एस आहे. मग परत डॅश, मग पुणे.” पलीकडच्याने काहीतरी वाचून दाखवलं असावं. “नाही नाही, पुण्याला पी-यू-एन-ई. पूना नाही.” हे दोनदा झालं. शेवटी वैतागून म्हणाले, “व्हॉट्सॲपवर टाकतो,” आणि ठेवला फोन. मग मुलाकडे वळून, “मागच्या वेळची त्यांची ऑर्डर अशीच दुसरीकडे गेली होती ना?”

शेठच्या नावाचं सरळ डोमेन गुजरातेतल्या एका नामबंधूने कधीच घेतलं होतं. ते परत मिळवायचा प्रश्नच नव्हता. त्याचंही नाव तेच होतं, चोरलं नव्हतं. माझ्याकडे होता तो ते विकत असलेल्या मालाचा साधा, छोटा शब्द, डॉट इन. मी तो बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहिला आणि म्हटलं, “हा सांगून बघा त्यांना.”

शेठनी खरंच परत फोन लावला. कोल्हापूरच्या माणसाने एका दमात लिहून घेतलं.

“किती?”

“पंचेचाळीस हजार.”

“आठशे रुपयाला नवीन मिळतं, माझा भाचा सांगत होता.”

“मिळतं. तुमचं ते दोन डॅशवालं तेवढ्यालाच मिळालं होतं.”

शेठ हसले नाहीत. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. मला वाटलं माझी किंमत तोडणार. पण ते वेगळाच हिशेब करत होते. वर्षाला कॅरीबॅगा किती छापतो, खोक्यांवरचे स्टिकर किती, बोर्ड रंगवायला किती. या सगळ्यावर एक पत्ता जातो आणि तो पत्ता सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतःच आकड्यात मांडलं. मी गप्प बसले. गिऱ्हाईक स्वतः हिशेब करत असेल तर मध्ये तोंड घालू नये. मग म्हणाले, “भाड्याने द्या.” शेवटी ठरलं ते असं: बारा महिन्यांचे बारा चेक, शेवटचा वटेपर्यंत नाव माझ्या खात्यात, वापर मात्र पहिल्या दिवसापासून त्यांचा. एका पानाचा करार, दोन साक्षीदार. साक्षीदार म्हणून समोरचा चहावाला चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं चालेल, सही येते ना?

तेव्हापासून माझी कामाची पद्धत ठरून गेली. कॅरीबॅग बघायची. जो दुकानदार पिशव्या, डबे, खोकी छापतो त्याला पत्त्याची किंमत कळते; जो सुट्ट्या वर्तमानपत्रात बांधून देतो त्याच्याकडे वेळ घालवायचा नाही. मग बोर्डावरचा जीएसटी नंबर टिपायचा. तो पाटीवर लिहिणं सक्तीचंच आहे. पोर्टलवर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव समजतं, आणि मालक खरा कोण हेही बरंचसं. गल्ल्यावर बसलेला माणूस मालक असेलच असं नाही. पूर्वी डोमेन कोणाचं आहे हे ‘हूइज’ या उघड्या नोंदवहीत फोन नंबरासकट दिसायचं. 2018 च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि तेव्हापासून बहुतेक नोंदींवर पडदा पडला. ऑनलाइन विकणाऱ्यांचं त्याने फार अडलं. माझं नाही. पाट्या उघड्याच होत्या.

वेळकाळ पाळावा लागतो. शाळा सुरू व्हायच्या आधी दीड महिना अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्याशी बोलायला जाऊ नये, तो तुम्हाला बारावीच्या गाईडसाठी आलेलं गिऱ्हाईक समजून मागे ढकलेल. गणपतीत मंडळांकडे नको. ढोल-ताशा पथकं मात्र जुलैतच गाठावीत. तेव्हा नोंदणी चालू असते, नवीन मुलं-मुली येत असतात आणि फॉर्म कुठे भरायचा हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी असतो.

व्यापाऱ्याशी व्यवहार सोपा. पैसे त्याचे, निर्णय त्याचा. खरी परीक्षा संस्थेत. व्यापारी नाही म्हणतो तेव्हा नाहीच म्हणतो. संस्था कधीच नाही म्हणत नाही. “सभेपुढे ठेवतो,” म्हणते.

बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणारा एक जुना ट्रस्ट. चिटणीसबाईंना नाव मनापासून आवडलं होतं. गावोगावचे पालक संस्थेचं लांबलचक नाव टाइप करताना चुकायचे आणि कुठल्यातरी खासगी हॉस्टेलच्या जाहिरातीवर जाऊन पोचायचे, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. अडचण खरी, गिऱ्हाईक खरं, किंमतही त्यांना मान्य. मग मला बोलावलं खजिनदारांसमोर. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, समोर हिरव्या कापडी बांधणीची रोजकीर्द, खिशात दोन पेनं.

“दहा हजारांच्या वरची खरेदी असली की तीन कोटेशनं लागतात,” ते म्हणाले.

“काका, हे नाव जगात एकच आहे. ते माझ्याकडे आहे. दुसरं कोटेशन कुणाचं आणू?”

“ते तुम्ही बघा. नियम आहे.”

“मी तीन वेगवेगळ्या किमती लिहून देऊ का?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तसं करणारे येतात आमच्याकडे. त्यांना आम्ही परत बोलावत नाही.”

मला हा माणूस आवडला. त्यांचा पुढचा प्रश्नही रास्त होता. “जमाखर्चात कुठे दाखवू? फर्निचर नाही, छपाई नाही. इमारत दुरुस्ती तर नाहीच. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात आमचे.” मी म्हटलं, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर विकत घेता तेव्हा कुठे दाखवता? हात न लावता येणारी मालमत्ता असा रकाना असतो, ऑडिटरना विचारा. ऑडिटरनी हो म्हटलं. पण कोटेशनांचं गाडं अडलं ते अडलंच.

मग तोड त्यांनीच काढली. नियम कशासाठी आहे? संस्थेने जास्त पैसे मोजू नयेत म्हणून. तर मग त्याच कामाला चालतील अशी आणखी दोन नावं शोधायची, ती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी बाजारात लावलेली किंमत कागदावर घ्यायची, आणि तिन्ही सभेपुढे ठेवायची. मी शोधून दिली. एक माझ्या नावापेक्षा स्वस्त होतं, तेही मी दिलं. खजिनदारांनी ते मुद्दाम तपासलं असणार. सभा मात्र होईना. आधी गणपती, मग पितृपक्ष. “पितृपक्षात नवीन खरेदी नको,” असं एका विश्वस्तांचं म्हणणं पडलं. डोमेनला पितृपक्ष लागतो हे मला नवीन होतं, पण वाद घातला नाही. नंतर परीक्षा, नंतर एका ज्येष्ठ विश्वस्तांचं आजारपण. शेवटी ठराव झाला तेव्हा त्याचं टायपिंग माझ्याकडेच आलं. ‘सदर नावाच्या एकमेव धारक असल्याने’ असे शब्द त्यात खजिनदारांनी स्वतः घातले होते. टायपिंगचे साठ रुपये त्यांनी वेगळ्या व्हाउचरवर दिले.

संस्थांना विकायचं तर कागद लागतात, आणि कागद नीट असले की निम्मं काम होतं हे मी तिथे शिकले. बिल, करार, पॅन, नाव माझ्या ताब्यात असल्याचा पुरावा, दरवर्षीचा खर्च किती आणि तो कोणाला भरायचा याचं एक वेगळं पान. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. माझी उलाढाल त्याच्या जवळपासही जात नाही. तरी मी नोंदणी घेतली. कारण व्यापारी पहिला प्रश्न सेट-ऑफचा, म्हणजे कराच्या वजावटीचा, विचारतो, आणि संस्थेला नंबर असलेलं बिल दिसलं की समोरची बाई पळून जाणार नाही असं वाटतं.

पळून जाण्याचा विषय निघालाच आहे तर पत्त्याबद्दल सांगते. माझ्या कार्डावर बुधवार पेठ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. बाहेरगावच्या माणसाला फोनवर पत्ता सांगितला की पलीकडे क्षणभर शांतता, मग खाकरून हसणं. बाईमाणसाने हा पत्ता सांगितला की जरा जास्तच. याच पेठेत 1848 मध्ये भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, इथेच तुळशीबागेचा राम आणि दगडूशेठचा गणपती. पण लोकांच्या डोक्यात बसल्या आहेत वेश्यावस्तीच्या दोन-चार गल्ल्या. मला काही हितचिंतकांनी सुचवलं होतं, नुसतं ‘अप्पा बळवंत चौक’ लिहा. मी नाही लिहिलं. नावं विकणाऱ्या बाईने स्वतःच्या पत्त्याचं नाव लपवायचं, मग गिऱ्हाइकाला काय तोंडाने सांगायचं? त्या गल्ल्यांमधल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेलाही मी नाव विकलं आहे. त्यांच्या कार्यकर्तीइतकी घासाघीस आजवर कोणी केली नाही. तिने मला खरेदीच्या किमतीच्या खालीही जवळजवळ ओढलं होतं. मी म्हटलं, “ताई, निदान रिक्षाचं भाडं तरी सुटू द्या.” ती म्हणाली, “तुम्ही चालत येता, मी रोज बघते.”

व्यवहार ठरला की मग येतो भाचा. भाचा, पुतण्या, सुनेचा भाऊ, ‘आमची वेबसाइट बघणारा मुलगा’. संस्थेचं आधीचं डोमेन असतं ते हटकून त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यात, कधीकधी त्याच्याच नावावर. “हे पण त्याच्याकडेच टाका,” असं मला सांगितलं जातं. मी टाकत नाही. जुनं मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवणाऱ्या एका क्लासचं झालेलं मला माहीत आहे. मुलगा कॅनडाला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर येत राहिल्या. डॉट कॉम होतं. मुदत संपल्यावर काही आठवडे सवलतीचे मिळतात, मग तीस दिवस दंड भरून सोडवायचे, मग शेवटचे पाच दिवस, आणि नंतर नाव कोणीही उचलू शकतं. उचललं. पुढे कित्येक महिने क्लासच्या हँडबिलावर छापलेल्या पत्त्यावर परदेशी जुगाराची जाहिरात दिसत होती, आणि हँडबिलं अजून दोन हजार शिल्लक होती.

म्हणून माझी अट असते. संस्थेच्या नावाचं खातं, संस्थेचा ईमेल, आणि पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. नावं नोंदवणाऱ्या एकाच कंपनीत दोघांची खाती असतील तर नाव पाच मिनिटांत इकडून तिकडे जातं. कंपनी बदलायची असेल तर कुलूप काढायचं, कोड घ्यायचा, आणि आठवडाभर धरून चालायचं. नुकतंच नोंदलेलं किंवा हलवलेलं नाव साठ दिवस हलत नाही, तेही आधीच सांगून ठेवते. नाही तर एकसष्टाव्या दिवसापर्यंत रोज फोन येतो.

बँकांचा बाजार मात्र एका परिपत्रकात बसला. ठेव, कर्ज, सहकारी बँक असे शब्द असलेली बरीच नावं मी वर्षानुवर्षं पोसली होती. पुण्यात नागरी सहकारी बँकांना काय तोटा? पण 2025 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये हुकूमच काढला, की सगळ्या बँकांनी 31 ऑक्टोबरपर्यंत ‘बँक डॉट इन’वर यायचं. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे. फसवणूक करणाऱ्या खोट्या साइट ओळखता याव्यात म्हणून. निर्णय चांगला आहे, माझ्या खिशाला लागला तरी चांगलाच म्हणेन. माझ्या आईलाही एका सहकारी बँकेच्या नावाने खोटी लिंक आली होती. ती नावं मी त्या वर्षी नूतनीकरण न करता सोडून दिली. पतसंस्था बँक नसतात, त्यांना तो पत्ता मिळत नाही. तेव्हा आता त्यांच्या दारात जाते. तिथेही सभेपुढे ठेवतातच.

देवनागरीतलं डॉट भारत 2014 च्या ऑगस्टमध्ये आलं तेव्हा मला फार आशा होती. स्पेलिंगची कटकटच मिटणार होती. काही नावं घेतली, दोन विकलीही. दिसायला देखणं, बोर्डावर तर फारच. पण ईमेलचा फॉर्म भरायला गेलं की बऱ्याच ठिकाणी ‘अवैध पत्ता’ म्हणून लाल रेघ येते, आणि काही ठिकाणी लिंकचं रूपांतर एक्स-एन डॅश-डॅश अशा अगम्य अक्षरांत होतं. शेठचे दोन डॅश बरे, अशी अवस्था. हल्ली मी ते बोर्डापुरतं, सोबतीला म्हणून देते.

अलीकडे विकलं ते शालेय साहित्याच्या एका वितरकांना. वडील आणि मुलगी, दोघंही दुकानात. नाव त्यांच्या खात्यात टाकलं, मुलीने फोनवर ओटीपी वाचला, पडद्यावर त्यांच्या फर्मचं नाव आलं. वडिलांनी कालनिर्णय भिंतीवरून काढलं आणि विचारलं, “पुढची तारीख कुठली लिहू?” मी म्हटलं, पुढच्या वर्षी हीच, पण पंधरा दिवस आधीच लिहा. ते थांबले.

“दर वर्षी लक्षात ठेवायचं? एकदम भरता येत नाहीत का पैसे?”

“येतात. जास्तीत जास्त दहा वर्षांचे.”

“दहाच्या वर?”

“नाही.”

“मग भरा दहा वर्षांचे.” मुलीने कार्ड काढलं. आकडा आल्यावर वडील पुढे वाकून बघायला लागले. “एकदम दहा वर्षांचे भरतोय म्हटल्यावर काहीतरी कमी करा की.”

“काका, ते पैसे मला मिळत नाहीत. कंपनीला जातात.”

“मग कंपनीला फोन लावा,” ते म्हणाले. “बोलतो मी.”